सीमा, सैन्य आणि अण्वस्त्रं : स्वातंत्र्याच्या वादात संरक्षणाचा प्रश्न कसा वाचायचा?



राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात राष्ट्रीय चळवळ एका पेपरात असते आणि संरक्षण, अण्वस्त्रं वगैरे दुसऱ्या पेपरात. नेट-सेटपुरतं हे ठीक आहे. पण पीएच.डी.साठी विषय शोधायला बसलात की ही भिंत अडचणीची ठरते. कारण एखादा समाज 'आम्हाला आमचा वेगळा देश हवा' असं म्हणाला, की पहिल्या दोन-चार प्रश्नांत एक प्रश्न हमखास येतो : तुमचं रक्षण कोण करणार?

हा प्रश्न वरून ताकदीचा वाटतो. पैसा किती, फौज किती, सीमा कशी. म्हणून आपण लगेच आकडे गोळा करायला लागतो. माझ्या वाचनातून मला पटलेली गोष्ट अशी, की ह्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो आणि तो मालकीचा असतो. सैन्यात माणसं कुणाची? तळ आणि शस्त्रं कुणाच्या जमिनीवर? आणि हुकूम कुणाचा? स्वातंत्र्याच्या वादातला संरक्षणाचा कुठलाही युक्तिवाद हातात आला, की त्याला हे तीन प्रश्न विचारून बघा. आज आपण तेच करणार आहोत. एक उदाहरण आपल्या दापोलीतून निघतं, दुसरं स्कॉटलंडचं आहे, आणि शेवटी थोडंसं युक्रेन.

माणसं कुणाची : छावणीच्या गावातून

दापोलीला जुनी माणसं अजून 'कॅम्प' म्हणतात. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दक्षिण कोकणासाठी इंग्रजांनी इथे लष्करी ठाणं केलं. पुढे फौज हलली, पण निवृत्त शिपायांची वस्ती राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दापोली हे पेन्शनर सैनिकांचं गाव होतं आणि त्यांत महार सैनिकांची संख्या मोठी होती. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त होऊन इथेच स्थायिक झाले. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर कुटुंबासह काही काळ दापोलीत राहिले आणि मग साताऱ्याला गेले. त्या कुटुंबातलं सगळ्यांत धाकटं मूल म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

ह्या वस्तीसाठी सैन्य म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी समजून घ्या. महिन्याचा पगार होता, म्हातारपणी पेन्शन होती, आणि शाळा होती. गावच्या शाळेत ज्यांना दाराबाहेर बसवलं जायचं, त्यांची मुलं लष्करी शाळेत शिकत होती. रामजी सकपाळ स्वतः अशा शाळेत मुख्याध्यापक होते. मग १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. कारण दिलं गेलं ते 'लढाऊ जमाती'च्या सिद्धांताचं. काही जमाती जन्मतः लढवय्या, बाकीच्या नाहीत, असं मानणारा हा सिद्धांत सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात धोरण बनला होता. ज्यांनी दोन-तीन पिढ्या कंपनी सरकारची आणि मग राणीची नोकरी केली, त्यांना एका फटक्यात 'तुम्ही लढवय्ये नाही' असं सांगण्यात आलं.

वलंगकरांनी १८९४ च्या सुमारास भरती पुन्हा सुरू करावी म्हणून लष्करी अधिकाऱ्यांसाठी अर्ज तयार केला. १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांना अर्ज पाठवला. हे अर्ज वाचताना एक सावधगिरी ठेवा. त्यांत राजनिष्ठेची भाषा ठासून भरलेली असते. नवा संशोधक ती वाचतो आणि 'हे लोक इंग्रजधार्जिणे होते' असा शेरा मारून मोकळा होतो. पण अर्ज हा लेखनप्रकारच असा आहे, की ज्याच्याकडे मागायचं त्याच्याच भाषेत मागावं लागतं. त्या काळातल्या सभा-संस्थांचे अर्जही साधारण ह्याच भाषेत असत. अर्जातली भाषा बाजूला ठेवून मागणी बघा. मागणी अशी आहे : राज्याच्या यंत्रणेत आम्हाला जागा हवी. सैन्यात कोण आहे, हा इथे नागरिकत्वाचा प्रश्न झाला आहे.

'आधी स्वतःचं रक्षण करून दाखवा'

आता दापोलीतून दिल्लीत येऊ. १९२० नंतर स्वराज्याची मागणी जोर धरू लागली, तेव्हा इंग्रजांकडून येणारं एक ठरलेलं उत्तर होतं : ज्या देशाला स्वतःचं रक्षण करता येत नाही, त्याला पूर्ण स्वराज्य कसं द्यायचं? त्यावर भारतीय नेत्यांचं उत्तर सरळ होतं : अधिकारी होऊ देत नाही तुम्ही, मग रक्षण शिकायचं कुठे? ह्या ओढाताणीतून १९२५ मध्ये स्कीन समिती नेमली गेली आणि १९३२ मध्ये डेहराडूनला लष्करी अकादमी सुरू झाली. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल १९३७ ची, तीही ह्याच वातावरणातली.

१९३० च्या सायमन आयोगाच्या अहवालात एक तक्ता आहे. सैन्यातल्या सुमारे १,५८,००० लढाऊ शिपायांपैकी सुमारे ८६,००० एकट्या पंजाबचे, १९,००० नेपाळचे गुरखे. मुंबई इलाख्याचे सुमारे ७,०००, बंगालचा आकडा शून्य. आयोगाने हा तक्ता देऊन असं सुचवलं, की इतकं विषम सैन्य इंग्रज अधिकाऱ्यांशिवाय एकत्र राहणार नाही. पण ही विषमता निसर्गाने केलेली नव्हती. भरती कुठे करायची आणि कुठे नाही, हे सरकारनेच ठरवलं होतं. धोरणाने जे घडवलं, तेच पुढे पुरावा म्हणून मांडलं गेलं. तुमच्या विषयात असं कुठे दिसलं तर तिथे थांबा, कारण तिथे बहुतेक वेळा एक प्रकरण लिहिण्याइतकं काम असतं.

आंबेडकरांनी प्रश्न कसा फिरवला

मार्च १९४० मध्ये मुस्लीम लीगचा लाहोर ठराव झाला. त्यावर स्वतंत्र मजूर पक्षाच्या विचारासाठी म्हणून आंबेडकरांनी लिहिलेलं पुस्तक वर्षअखेरीस तयार झालं : 'थॉट्स ऑन पाकिस्तान'. ह्या पुस्तकातलं संरक्षणावरचं प्रकरण फार कमी वाचलं जातं. ते पुस्तकाच्या कुठल्या भागात आहे तेही बघा. पाकिस्तानच्या विरोधात हिंदूंची बाजू काय, हे तपासणाऱ्या भागात ते येतं. म्हणजे 'फाळणी झाली तर देशाचं संरक्षण कमकुवत होईल' हा त्या वेळचा लोकप्रिय आक्षेप आंबेडकर तिथे कसाला लावत आहेत.

आक्षेप असा होता, की वायव्येचे डोंगर गेले की नैसर्गिक तटबंदी गेली. आंबेडकर तीन पायऱ्यांनी उत्तर देतात. पहिली पायरी सीमेची. आधुनिक युद्धात डोंगर पुरेसे नसतात, आणि ज्या देशांना नैसर्गिक सीमा नाही ते कृत्रिम तटबंदी उभारतातच. दुसरी पैशाची. महसुलाचा मोठा वाटा उरलेल्या हिंदुस्थानातून येतो, त्यामुळे फाळणीने तो कंगाल होणार नाही. तिसरी पायरी सैन्याची, आणि सगळा भर तिच्यावर आहे. शिपाई मुख्यतः वायव्येकडचे, खर्च मात्र बाकीच्यांचा. मग संकटात हे सैन्य कुणाचा हुकूम मानेल? सीमा सुरक्षित असण्यापेक्षा सैन्य भरवशाचं असणं जास्त महत्त्वाचं, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

संशोधक म्हणून ह्या प्रकरणातली एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सैन्यात कुठल्या धर्माचे किती, हे १९३८ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विचारलं गेलं, तेव्हा सरकारने सांगायला नकार दिला. आंबेडकर तो नकारच पुराव्यासारखा वाचकापुढे ठेवतात आणि मग नीरद चौधरी यांनी 'मॉडर्न रिव्ह्यू'मध्ये जमवलेल्या माहितीवरून चित्र उभं करतात. 'डेटा उपलब्ध नाही' असं लिहून आपण विषय सोडून देतो. कुणी, कधी आणि कुठल्या सभागृहात डेटा नाकारला, हीसुद्धा नोंद असते.

पण गृहीतकही तपासा

आंबेडकरांचा युक्तिवाद बाबासाहेबांचा आहे म्हणून सोडून देऊ नका. तो त्यांनाही आवडला नसता. सैनिकाचा धर्म कळला की त्याची निष्ठा कुठे जाईल ते सांगता येतं, असं एक गृहीतक त्यात आहे. ते सरसकट धरता येत नाही. ब्रिगेडियर महंमद उस्मान बलूच रेजिमेंटचे. ही रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली; त्यांनी भारत निवडला आणि ३ जुलै १९४८ रोजी झांगर इथे लढताना ते शहीद झाले. मरणोत्तर महावीर चक्र मिळालेला हा अधिकारी त्या तक्त्यात कुठे बसवणार?

आणि इथेच एक ताण दिसतो, जो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्याच प्रकरणात आंबेडकर 'लढाऊ' आणि 'बिगरलढाऊ' हा भेद कृत्रिम ठरवतात. १८५७ मध्ये कोण उपयोगी पडलं, त्यावरून ही भरती ठरली असं दाखवून देतात. म्हणजे जमातीवरून शौर्य ठरवण्याला त्यांचा विरोध आहे. पण जमातीवरून निष्ठेचा अंदाज बांधणं मात्र ते चालवून घेतात. ज्यांच्या घरादाराचा दापोलीतला आधार ह्याच जमातवार वर्गीकरणाने काढून घेतला, त्या घरातल्या माणसाच्या लेखनात हा ताण असणं स्वाभाविक आहे. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्यामागे आंबेडकरांचा पाठपुरावा होता. पुस्तकातला युक्तिवाद आणि ही पलटण एकत्र ठेवून वाचलीत, तर त्यांच्यासाठी 'सैन्य कुणाचं' हा प्रश्न फक्त फाळणीपुरता नव्हता, हे कळतं.

ह्याच जिल्ह्यात १९२४ ते १९३७ स्थानबद्ध असलेले सावरकरही दुसऱ्या महायुद्धात हिंदूंनी सैन्यात जावं असं सांगत होते, पण अखंड हिंदुस्थानासाठी. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी मात्र १९३९ मध्ये, भारताला न विचारता युद्धात ओढलं म्हणून राजीनामे दिले. हुकूम कुणाचा, हा तिथला मुद्दा होता. सैन्याबद्दल एकच चिंता असलेले लोक वेगवेगळ्या निष्कर्षांवर जाऊ शकतात, हे लक्षात ठेवा.

जागा कुणाची : कारखाने हलत नाहीत

१९४७ मध्ये सैन्य वाटलं गेलं, साधारण दोनास एक ह्या प्रमाणात. माणसं हलली, रणगाडे हलवायचं ठरलं, फायली वाटल्या. पण दारूगोळ्याचे सरकारी कारखाने भारताच्या हद्दीत होते. खडकीचा कारखाना उचलून रावळपिंडीला नेता येत नाही. त्याबदली पाकिस्तानला रोख रक्कम द्यायचं ठरलं.

हे सूत्र पकडून आता स्कॉटलंडला जाऊ. वाटेत एक खुलासा : रत्नागिरी जिल्ह्यात 'अणू' म्हटलं की आपल्याला जैतापूर आठवतं. तो वीजप्रकल्पाचा वाद आहे, अण्वस्त्रांचा नाही. तुलना करायची असेल तर जपून करा. मात्र 'धोका आमच्या दारात आणि निर्णय दूरच्या राजधानीत' ही तक्रार तुम्ही राजापूरच्या बाजूला ऐकली असेल, तर स्कॉटलंडमधला वाद समजायला सोपा जाईल.

ब्रिटनची अण्वस्त्रं सध्या फक्त पाणबुड्यांवर आहेत. ट्रायडंट क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या चार पाणबुड्यांचा तळ फास्लेनला आहे, ग्लासगो शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर. जवळच कूलपोर्टला वॉरहेड, म्हणजे क्षेपणास्त्राच्या टोकावरचा स्फोटक भाग, साठवले आणि बसवले जातात. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याने एडिंबराला स्वतःची संसद मिळाली, पण संरक्षण लंडनकडेच राहिलं. जमीन स्कॉटलंडची, हुकूम लंडनचा.

१८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्यावर सार्वमत झालं. स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या सरकारने नोव्हेंबर २०१३ च्या श्वेतपत्रिकेत म्हटलं होतं, की स्वतंत्र झालो तर पहिल्या संसदेच्या मुदतीतच, म्हणजे २०२० पर्यंत, अण्वस्त्रं बाहेर काढू. विरोधकांचा प्रश्न होता : नेणार कुठे? पाणबुड्यांना इंग्लंडमध्ये दुसरं बंदर मिळेल, पण वॉरहेडसाठी लोकवस्तीपासून दूर आणि खोल पाण्याला लागून दुसरी जागा शोधणं कठीण आणि वेळखाऊ. खडकीच्या कारखान्यासारखीच ही गोष्ट, फक्त इथे न हलणारी जागा वेगळं होऊ पाहणाऱ्याच्या हद्दीत आली. त्यामुळे एरवी दुबळ्या मानल्या जाणाऱ्या बाजूच्या हातात वाटाघाटीसाठी मोठं नाणं आलं.

पण ह्याच पक्षाची दुसरी बाजू बघा. हा पक्ष वर्षानुवर्षं नाटोच्याही विरोधात होता. ऑक्टोबर २०१२ च्या पर्थमधल्या अधिवेशनात ३९४ विरुद्ध ३६५ मतांनी ती भूमिका बदलली : अण्वस्त्रं नकोत, नाटो मात्र हवं. दोन आमदारांनी पक्ष सोडला. जी संघटना अण्वस्त्रांच्या धाकावर उभी आहे तिच्यात राहून आपल्या दारातली अण्वस्त्रं नाकारायची, हा दुटप्पीपणा की व्यवहार? समर्थक नॉर्वे आणि डेन्मार्कचं उदाहरण देत. हे दोन्ही देश नाटोत आहेत आणि शांततेच्या काळात आपल्या भूमीवर अण्वस्त्रं ठेवू देत नाहीत. २९ मतांचा फरक होता कुंपणावरच्या मतदाराची भीती घालवायचा. 'तुमचं रक्षण कोण करणार?' ह्या प्रश्नाला पक्षाकडे उत्तर हवं होतं.

एकाच तळाचे दोन आकडे

प्रचारात नोकऱ्यांचा मुद्दा आला. एका बाजूने सांगितलं जाई, की तळावर सुमारे ६,७०० लोक काम करतात, हे सगळं धोक्यात. दुसरी बाजू ब्रिटिश संरक्षण खात्यानेच माहितीच्या अधिकारात दिलेला आकडा दाखवी : थेट ट्रायडंटवर अवलंबून असलेल्या नागरी नोकऱ्या ५२०.

कोण खोटं बोलत होतं? कुणीच नाही. पहिल्या आकड्यात नौसैनिक, नागरी कर्मचारी, कंत्राटदार सगळे आले, अण्वस्त्रांशी संबंध नसलेल्या जहाजांवर काम करणारेही. दुसऱ्यात फक्त एका कार्यक्रमाशी थेट जोडलेले नागरी कर्मचारी. आकडा बरोबर असतो आणि तरी तो कशाचा आकडा आहे ह्यावर राजकारण होतं. सायमन आयोगाचा तक्ता पुन्हा आठवा. तुमच्या प्रबंधात आकडा लिहिण्याआधी त्याच्यापुढे 'कशापैकी?' असा प्रश्न पेन्सिलने लिहायची सवय लावा.

निकाल ५५.३ विरुद्ध ४४.७ टक्के असा स्वातंत्र्याच्या विरोधात गेला. ट्रायडंटमुळे गेला असं मात्र लिहू नका. चलन, पेन्शन, तेल हे विषय प्रचारात फार मोठे होते.

हुकूम कुणाचा : युक्रेन

तिसऱ्या प्रश्नासाठी युक्रेन घ्या. चेर्नोबिलनंतर चार वर्षांनी, जुलै १९९० मध्ये युक्रेनने सार्वभौमत्वाची घोषणा केली, तेव्हाच अण्वस्त्रं न स्वीकारण्याचं, न बनवण्याचं आणि न मिळवण्याचं तत्त्व मांडलं. सोव्हिएत संघ फुटल्यावर हजारो वॉरहेड त्यांच्या भूमीवर उरले. जागा युक्रेनची, पण ती डागण्याचे संकेत मॉस्कोकडे. ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट करारपत्रात रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने सीमांचा आदर करण्याचं आश्वासन दिलं. १९९६ पर्यंत वॉरहेड बाहेर गेले. नंतर २०१४ आणि २०२२ मध्ये काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे.

'अण्वस्त्रं ठेवली असती तर?' असा प्रश्न आज सहज विचारला जातो. विचारा, पण १९९४ च्या टेबलावर बसून विचारा. ज्या शस्त्राची किल्ली दुसऱ्याकडे आहे आणि ज्याच्या देखभालीला पैसा नाही, ते ठेवणं म्हणजे नेमकं काय ठेवणं? आंबेडकरांचं पुस्तक वाचतानाही हेच पथ्य. १९४७ माहीत असलेल्या वाचकाला ते भविष्यवाणीसारखं वाटतं. १९४० मध्ये ते एका चालू वादातलं, अनेक शक्यता खुल्या ठेवून केलेलं मांडणं होतं.

सिनॉप्सिस लिहिताना

विषय निवडताना ताकदीचा प्रश्न आणि मालकीचा प्रश्न वेगळे काढा. 'अमुक देश स्वतःचं रक्षण करू शकला असता का?' ह्याचं उत्तर बहुतेक वेळा अंदाजच असतं. पण 'हा युक्तिवाद कुणी केला, त्याला कुठले आकडे लागले आणि कुठले दडवले गेले?' ह्याला कागदपत्रं मिळतात. गाईडला दुसरा प्रश्न घेऊन भेटा.

आणि लांब जायची गरज नाही. १८९० ते १९१७ ह्या काळातले भरतीचे अर्ज, रत्नागिरी जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर, माजी सैनिकांच्या घरांतली पेन्शनची पुस्तकं आणि पदकं, हे साहित्य कोकणात आहे. पेन्शनच्या पैशातून कुठल्या घरात पहिली शाळा आली आणि भरती बंद झाल्यावर पुढच्या पिढीने काय केलं, एवढाच प्रश्न घेऊन दापोली-मंडणगडच्या दहा गावांत फिरलात, तरी प्रबंधाचा पाया तयार होईल. वेळ मात्र फार नाही. ही कागदं लोखंडी ट्रंकांत आहेत, आणि कोकणातल्या पावसाळ्यात लोखंडी ट्रंक किती टिकते ते तुम्हाला सांगायला नको.